ताटाभोवतीची रेघ

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात (१८७४) जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेई. सुरई उचलली की थांबे. मेजवानीची सजावट म्हटले की पुष्कळांना असेच काही आठवते. माझे मन मात्र मराठी पंगतीतल्या ताटाभोवतीच्या रांगोळीच्या महिरपीपाशी रेंगाळते. गाडी प्रत्येक मेजवानीला तीच; महिरप त्या दिवसापुरती, त्या पाटासाठी चिमटीतून उतरते आणि जेवणे उरकली की पुसली जाते. आपल्यासाठी कुणीतरी वाकून वेळ दिला, हे पाहुण्याला न सांगता कळते. चांदीला ते साधत नाही.

कुणी म्हणेल, ती रेघ काढणाऱ्या बायकाच शेवटच्या पंगतीला बसत, आणि पंगतीत जातीची अंतरेही पाळली जात. हे खरे आहे, सौंदर्याच्या नावाखाली ते झाकू नये. पण दोष रेघेचा नाही, कामाच्या आणि मानाच्या वाटणीचा आहे. घरातल्या पुरुषांनी, मुलांनीही चिमूट धरावी. रेघ वाकडी आली तरी चालेल. वरणभात वाढेपर्यंत तिचा एखादा कोपरा कुणाच्या तरी पायाने विसकटलेलाच असतो.