रविवारी कुठलं नाटक?

आपल्याकडे मोठ्या माणसाचं डोकं दुखलं की ते कामाचं टेन्शन असतं. लहान मुलाचं दुखलं की ते नाटक असतं. नाहीतर चष्मा लागलाय, नाहीतर पित्त. आमच्या घरात हे तिन्ही निष्कर्ष काढून झालेत, कारण माझ्या दहा वर्षांच्या भाचीला मायग्रेन आहे.

मायग्रेनला आपला जुना शब्द आहे, अर्धशिशी. गंमत म्हणजे मायग्रेन हा शब्दही 'अर्धं डोकं' अशाच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. पण मुलांच्या बाबतीत हे नाव चक्क फसवतं. त्यांचं डोकं बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी, कपाळावर दुखतं. मोठ्यांचा अटॅक औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास चालतो, मुलांचा २ तासांतही संपू शकतो. त्यामुळे सकाळी अंधाऱ्या खोलीत उलट्या करणारी पोरगी दुपारी सायकल फिरवताना दिसते आणि आजी म्हणते, "बघ, शाळेची वेळ टळली आणि झाली बरी!" निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक.

आता मनाचं काय? २०२२ साली 'जामा पेडियाट्रिक्स'मध्ये ८० अभ्यासांचा आढावा घेणारं एक विश्लेषण आलं. मायग्रेन असलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्याच्या विकारांची शक्यता इतर मुलांच्या साधारण दुप्पट दिसली. हे ऐकल्यावर भावोजींचं लगेच, "म्हणजे मानसिकच आहे की!"

थांबा. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे आपल्याला लॉग फाईल वाचून वाचून पाठ झालंय. इथे तर बाण दोन्हीकडून आहेत. पुढचा अटॅक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून भीती. शाळा बुडते, सहल हुकते, मैत्रिणी पुढे जातात, म्हणून काळजी. काळजीने झोप उडते, आणि अपुरी झोप हे अटॅकचं नेहमीचं निमित्त. झालं, लूप पूर्ण! बाहेर पडायची कंडिशनच नाही.

२०१७ साली छापून आलेली एक चाचणी तर विचारात पाडणारी आहे. अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या मुलांना अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट किंवा औषधच नसलेली दिखाऊ गोळी दिली. डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झालेली मुलं अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के. हो, दिखाऊ गोळीवाली सगळ्यात जास्त! चाचणी मध्येच थांबवावी लागली.

त्याआधी, २०१३ साली, जुनाट मायग्रेनच्या १३५ मुलांवर दुसरा प्रयोग झाला होता. अमिट्रिप्टिलीन सगळ्यांना. पण काहींना त्यासोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत. बाकीच्यांना डोकेदुखीची नुसती माहिती. २० आठवड्यांनी दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आलेली मुलं पहिल्या गटात ६६ टक्के, दुसऱ्यात ३६.

मग वेदना खोटी होती का? मुळीच नाही. रिस्टार्ट केल्यावर सर्व्हर चालू झाला, म्हणून बग काल्पनिक होता असं आपण म्हणतो का?

हे सगळं मी ताईला सांगितलं, कारण डॉक्टरांनी समुपदेशक सुचवल्यापासून ती अडून बसली होती. लोक काय म्हणतील हा भाग होताच. पण खरा प्रश्न भाचीनेच विचारला. "मामा, मला तिकडे पाठवतायत म्हणजे मी खोटं बोलते असं वाटतं का सगळ्यांना?"

दहा वर्षांच्या मुलीने हे विचारावं! मी म्हटलं, "नाही गं. दुखतं हे पक्कं आहे. दुखण्याची भीती कमी कशी करायची ते शिकायला जायचंय." तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "तिकडे गोळी देतात की फक्त बोलतात?" फक्त बोलतात म्हटल्यावर तयार झाली.

दरम्यान मी तिला एक एक्सेल शीट करून दिली. झोप, जेवण, पाणी, दुखणं सुरू झाल्याची वेळ. तीन महिन्यांत अकरा अटॅक, त्यातले चार रविवारी नाहीतर सुट्टीत. "दर टेस्टला बरं हिचं डोकं दुखतं" म्हणणाऱ्या बाईंना ताईने ती शीट दाखवली. रविवारी कुठलं नाटक? बाई काही बोलल्या नाहीत, पण आता अटॅक आला की तिला सिकरूममध्ये पडू देतात.

तुमच्या घरात असं पोर असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. अचानक सुरू झालेलं भयंकर दुखणं, तापासोबत ताठ मान, चालताना तोल जाणं, दिसण्यात फरक, असं काही असेल तर त्याच दिवशी. बाकी समुपदेशकाकडे न्यायचं असेल तर नेताना एक वाक्य आधी बोला. "तुझं दुखतंय, मला माहितेय." यावर विश्वास बसला नाही तर पुढचं काहीच नीट चालत नाही.

असो. या महिन्यात आतापर्यंत दोनच अटॅक आहेत. शीट आता ती स्वतः भरते, आणि मी चुकून फॉर्म्युला बिघडवला तर ओरडते.