नव्या बुबुळावरचा पांढरा साका

बुबुळ बदलल्यावर पहिले काही दिवस कॉर्नियाच्या डॉक्टरांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: वरचा पातळ थर धरतोय की नाही. दात्याचं बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, केसाहून बारीक नायलॉनने शिवलेलं. त्याच्या नसा कापलेल्या, त्यामुळे जखम सावकाश भरते. तोवर संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविकाचे थेंब चालू असतात. आणि एखाद्या तपासणीत स्लिट लॅम्पच्या उजेडात, नेमक्या त्या उघड्या जागी, खडूची भुकटी सांडावी तसं पांढरं दिसतं.

नातेवाइकांना वाटतं, पुन्हा फूल पडलं. डॉक्टरांच्या मनात येतात ते जंतू.

पुष्कळदा तो औषधाचाच साका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आम्लात चांगलं विरघळतं, म्हणून त्याचे ०.३ टक्क्यांचे थेंब साधारण ४.५ पीएचला ठेवलेले असतात. अश्रूंचा पीएच ७ च्या आसपास, आणि तिथेच हे औषध सर्वांत कमी विरघळतं. डोळा ओला असला, पापणी नीट मिटत असली तर ते वाहून जातं. कोरड्या डोळ्यात, खरबरीत जखमेवर मात्र साचतं. बुबुळाच्या अल्सरला हेच थेंब पहिले ६ तास दर १५ मिनिटांनी घालतात. अल्सरवरच्या चाचण्यांत २१० पैकी ३५ रुग्णांत असा साका दिसला होता.

नव्या बुबुळात जंतूंचेही स्फटिकासारखे दिसणारे डाग होतात, म्हणून खरी कसोटी इथे आहे. ते सहसा उशिरा, स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ चालू असताना येतात. वरचा थर शाबूत असतो आणि आत, बहुधा टाक्याच्या वाटेने, सुयांसारख्या फांद्या पसरतात. स्टिरॉइडमुळे डोळा फारसा लालही होत नाही. औषधाचा साका मात्र वरच, जखमेच्या खळग्यात बसतो.

चूक दोन्हीकडे महाग पडते. साक्याला संसर्ग समजून तेच थेंब वाढवले तर साका वाढतो. घाबरून स्टिरॉइड कमी केलं तर शरीर नवं बुबुळ नाकारू शकतं. उलट, संसर्गाला साका समजलं तर बुबुळच हातचं जातं. म्हणून जरा जरी शंका असली तरी नमुना प्रयोगशाळेत पाठवणं हेच शहाणपणाचं.

साकाच ठरला तर बहुधा औषध बदलतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन अश्रूंच्या पीएचलाही बरंच विरघळतं. जुना साका पुढच्या काही दिवसांत, कधी आठवड्यांत, आपोआप विरतो. तो खरवडून काढायची घाई करू नये. त्याच्यासोबत कडेचा नुकता धरलेला थरही सुटून येतो.