फरशीवरचा डाग

आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवरचा तो डाग पहिल्यांदा अम्मीला दिसला. फजरच्या नमाजनंतर अंगण झाडताना तिने मला हाक मारली, "तेरी गाडी गलरी, देख जरा." डाग रुपयाएवढा होता, काळपट. बोट लावले तर बुळबुळीत. इंजिनाचेच ऑईल.

गाडी अब्बांची. शंभर सीसीची, वीस वर्षांची जुनी. अब्बा गेल्यावर ती माझ्याकडे आली. सोलापूरहून माझी शाळा पस्तीस किलोमीटर, उर्दू माध्यमाची. तिथे मी गणित आणि विज्ञान शिकवतो. गाडी बंद पडली तर पहिला तास बुडतो, म्हणून मी तिची काळजी घेतो. निदान तसे मला वाटत होते.

आठच दिवसांपूर्वी विजापूर वेशीजवळच्या एका गॅरेजात ऑईल बदलून घेतले होते. जुने ऑईल काढायचा बोल्ट इंजिनाच्या अगदी तळाला असतो. वाकून पाहिले तर थेंब नेमका त्याच बोल्टावर लोंबत होता. मला आणखी पुरावा नको होता. ऑईल बदलणाऱ्या पोराने बोल्ट नीट कसला नाही, असा निकाल मी तिथेच दिला.

तो पोरगा माझाच जुना विद्यार्थी. चार वर्षांपूर्वी दहावीत शाळा सोडून गेलेला, आता एकोणीस वर्षांचा. त्याचे नाव इथे लिहीत नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर मी गॅरेजात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर उस्तादांना सांगितले. पोरगा हळू आवाजात म्हणाला, "सर, वायसर नया डाला है. कसा भी बराबर है. इधर से नहीं आ रहा होगा."

उस्ताद त्याच्यावर ओरडले, "सर झूठ बोलेंगे क्या?"

त्याचा त्या दिवसाचा पगार कापला गेला. तीनशे रुपये. मी ऐकले आणि गप्प राहिलो. उस्तादांनी स्वतः नवे वायसर घालून बोल्ट कसला. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

दोन दिवसांनी फरशीवर पुन्हा डाग.

त्या रविवारी मी पाना घेऊन बसलो. आधी वाटले, बोल्ट आणखी थोडा आवळावा. पण तो ॲल्युमिनियमच्या अंगात बसतो. जास्त जोर लावला तर आटे जातात आणि मग दुरुस्ती मोठी. हात आवरला. मग प्रथमच मनात आले, पोरगा खरे बोलत असेल तर?

विज्ञान शिकवणाऱ्याने जे आधी करायला हवे होते ते मग केले. इंजिन गार असताना जुन्या ब्रशने डिझेल लावून सगळा मळ काढला. साबणाच्या पाण्याने धुतले, फडक्याने कोरडे केले, उन्हात ठेवले. वर्षानुवर्षांच्या धुळीखाली धातूचा खरा रंग दिसला. ओल्या मळकट इंजिनावर नवे ऑईल कोणते आणि जुने कोणते, हे कुणालाच ओळखता येणार नाही. मग शाळेच्या पिशवीतले दोन पांढरे खडू कुटून बारीक पूड केली आणि बोल्टाभोवती, जोडांवर, सिलिंडरच्या पातळ पट्ट्यांवर भुरभुरली. गाडी दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवली.

बोल्टाभोवतीची पूड पांढरीच राहिली. ओली रेघ उमटली ती पुढे आणि वर. या गाड्यांचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. त्याच्या पुढच्या टोकाला, वरच्या अंगाला टॅपेटचे गोल झाकण आहे. त्याच्या कडेतून ऑईल पाझरत होते, पट्ट्यांवरून खाली उतरत होते. धावत्या गाडीवर वारा ते पोटाखालून मागे ढकलणार, आणि सगळ्यात खाली असलेल्या बोल्टावर येऊन त्याचा थेंब होणार. बोल्टाचा गुन्हा एवढाच की तो सगळ्यांच्या खाली होता.

झाकण उघडले. आतली रबरी रिंग वर्षानुवर्षे तापून प्लास्टिकसारखी कडक आणि चपटी झाली होती. नवी रिंग दहा रुपयांना मिळाली. खोबण पुसली, रिंगेला ऑईलचे बोट लावले, झाकण आधी हाताने फिरवून मग पान्याने बेताने कसले.

बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवली होती. मुलाचे कुठे चुकते ते आधी शोधा, मगच उपचारात्मक अध्यापन करा. परीक्षेत त्यावर मी पानभर उत्तर लिहिले होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर गॅरेजात गेलो. ती कडक रिंग उस्तादांच्या हातावर ठेवली आणि तिथे होते त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "गलती मेरी थी. लडका सच बोल रहा था." तीनशे रुपये पुढे केले. पोरगा घेईना. उस्तादांनी ते त्याच्या खिशात कोंबले.

मग आम्ही दोघे चहाला गेलो. चार वर्षांपूर्वी जे विचारायला हवे होते ते तेव्हा विचारले, शाळा का सोडलीस? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, पाँचवीं में टायफॉइड हुआ था. दो महीने घर पे. तब क्लास में कसर हो गए. मुझे कभी आएच नहीं. आप अलजबरा पढाते थे, मैं सर नीचे करके बैठता था."

उर्दूत अपूर्णांकाला कसर म्हणतात. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ उणीव. हजेरीपटात मी त्याच्या नावापुढे लिहिले होते, 'सतत गैरहजर, अभ्यासात रस नाही.' थेंब माझ्या वर्गात पडला आणि डाग मी त्याच्याच नावावर ठेवला.

त्याला मी म्हटले, "रविवारी घरी ये, कसर शिकवतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते." त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कपबशी ठेवून कामाला गेला.

फरशीवर आता डाग पडत नाही. जुना मात्र अजून आहे. अम्मीने सोडा टाकून घासून पाहिला. शहाबादीत मुरलेले ऑईल सहज निघत नाही. गेले दोन रविवार मी वही-खडू काढून वाट पाहिली. तो आलेला नाही. येत्या रविवारी पुन्हा बसेन.