जोडीने चालणारी अक्षरे

पोस्टकार्डावर लिहिलेले गुपित पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सर्वांचे होते. आमच्या नळदुर्गच्या घरात काकांनी त्यावर तोड काढली होती. तीही मूळची विलायती!

मेडोज टेलरसाहेब नळदुर्गचा कारभार पाहत होते, त्याच काळात, १८५४ साली, तिकडे चार्ल्स व्हीटस्टोन या शास्त्रज्ञाने गुप्तलेखनाची ही रीत शोधली. तिचा पुरस्कार केला त्याचा मित्र लायन प्लेफेअर याने. नावही मित्राचेच चिकटले. पुढे बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात इंग्रजी फौजेने ती वापरली. एकेक अक्षर बदलून लिहिले, तर कोणते वरचेवर येते हे मोजून चतुर माणूस मजकूर फोडतो. इथे २५ घरांच्या चौकोनातून अक्षरे जोडीजोडीने बदलायची. जोड्या होतात ६००. मोजणारा घाईला येतो.

इंग्रजीची २६ अक्षरे बसवताना ‘आय’ आणि ‘जे’ यांना एकाच घरात कोंबावे लागते. आपल्याकडे ‘क’पासून ‘म’पर्यंत पाच वर्ग, दर वर्गात पाच अक्षरे, चौकोन अंकलिपीतच तयार! काकांनी तो पाटीवर मांडला. काना-मात्रा सोडायच्या, ‘य’पासूनची अक्षरे टाळायची. जोडीतली अक्षरे म्हणजे चौकटीचे दोन कोपरे. प्रत्येकाऐवजी त्याच्याच ओळीतला दुसरा कोपरा घ्यायचा. दोन्ही एकाच उभ्या रांगेत आली तर खालचे, आडव्या ओळीत आली तर उजवीकडचे. किल्ल्याकडे बोट दाखवून काका म्हणत, “तट बदला बघू!” ‘तट’चा होई ‘पत’, पण ‘घट’चा ‘कढ’. सोबत बदलताच एकाच ‘ट’चा कधी ‘त’, कधी ‘ढ’! खऱ्या गुपितासाठी आधी परवलीचा शब्द भरून रांगा विसकटतात. आम्हां पोरांना साधा चौकोन पुरे होता.

ताईचे लग्न झाले. तिची पत्रे सासरी वाचून मगच टपालात पडत. एका कार्डावर ‘सर्व कुशल’ होते आणि कोपऱ्यात दोनच अक्षरे : ‘पघ’. काकांनी पाटी घेतली. ‘प’च्या ओळीत, ‘घ’च्या रांगेत ‘भ’. ‘घ’च्या ओळीत, ‘प’च्या रांगेत ‘क’.

भूक.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने काका निघाले, ते तिला घेऊनच परतले.

आज संगणक हे कोडे क्षणात सोडवतो. हेरांच्या लेखी ते केव्हाच निकालात निघाले आहे. माहेरच्या माणसांनी मात्र खुशाली वाचून पत्र बाजूला ठेवू नये. कोपरेही पाहावेत.