विद्युत्-घट आणि देवाची चांदी

बडोद्यास आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कलाभवन आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली स्थापिले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९४९ पासून ते विद्यापीठाचा भाग झाले. आमचा भाचा तेथे शिकतो.

वकिलाने रसायनाच्या नादी का लागावे? कारण घडले ते आमच्या ग्रामदेवतेची चांदीची प्रभावळ. दर जत्रेपूर्वी चिंच आणि राख लावून ती घासतात. काळवंडलेल्या थरात चांदीच असते. ती फडक्याबरोबर निघून जाते. कीर्तिमुखाचे नाक आता बोटाला लागत नाही. प्रभावळ वितळवून नवी घडवावी, असा ठराव समितीपुढे आला आणि आमचा अभिप्राय मागितला गेला. १९२५ साली मलिक घराण्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने देवास कायद्याने व्यक्ती मानले. ती चांदी देवाची, विश्वस्त केवळ राखणदार. अभिप्राय द्यावा तो जपूनच.

भाच्याने प्रथम माजघरातच घट मांडला. एका काचपात्रात जस्ताच्या सल्फेटात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाच्या पाण्यात तांब्याची. मध्ये वाकडी नळी, तीत अगर-अगर आणि पोटॅशियम नायट्रेट यांचा गोठलेला रस. पहिल्या खेपेस काटा हलेना.

“मामा, नळीत बुडबुडा राहिलाय. एवढ्यानेही वाट तुटते.”

नळी पुन्हा भरली. काटा एक व्होल्टाच्या थोडा पुढे जाऊन थांबला. जस्त झिजते, तांब्यावर तांबे चढते. दोन्ही पक्ष वेगळ्या पात्रांत, तरी मध्यस्थावाचून व्यवहार बंद! आमच्या धंद्यात मध्यस्थांची अशी कदर क्वचितच होते.

मग त्याने घरचे काळे पडलेले चांदीचे पंचपात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टेकवून सोडा घातलेल्या कढत पाण्यात ठेवले. हाही घटच: ॲल्युमिनियम झिजते, काळ्या थरातील चांदी पुन्हा चांदीच होते, आणि गंधक नासक्या अंड्यासारख्या वासाने निघून जाते. सोनाराच्या काट्यावर वजन घटले नाही. झळाळी मात्र थोडी मंद वाटली, हे नमूद केले पाहिजे. शिवाय खड्यांच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तूंना हा उपाय नको. कोरीव रेषांत मुद्दाम राखलेला काळेपणाही त्याने जातो.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “देवाचे रुपे ॲल्युमिनियमला लावायचे?” प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर पुजाऱ्यांनी द्यावे, आम्ही नव्हे. सभा मार्गशीर्षात आहे. तोवर प्रभावळीस राख लावू नये, ती वितळवूही नये, एवढे पत्र आम्ही धाडले आहे. सोबत पंचपात्राच्या दोन्ही वजनांचा कागद जोडला आहे.