एकटीचं घर आणि पिस्तूल

एकट्या राहणाऱ्या बाईला घरातले आवाज पाठ असतात. लिफ्टचं दार कितव्या मजल्यावर उघडलं, पाण्याची मोटर कधी सुरू झाली, किवळ्याकडून एक्सप्रेस वेवर चढणाऱ्या ट्रकने गिअर कुठे बदलला, हे सगळं झोपेतही कळत असतं. त्यामुळे ओळखीचा नसलेला आवाज आला की जाग येते ती पूर्णच येते. पिंपरी-चिंचवडच्या रावेतमध्ये आमच्यासारख्यांची वस्ती वाढली आहे. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेली मी, हिंजवडीला जाणाऱ्या मुली, मुलं परदेशी गेल्यावर टू बीएचकेत एकटे उरलेले आजोबा. पवनेकाठच्या शेतांवर टॉवर उभे राहिले आणि त्यातले कित्येक फ्लॅट अजून रिकामेच आहेत. सेकंड शिफ्ट संपवून मुकाई चौकात बसमधून उतरलं की रुंद रस्ता असतो, दिवे असतात, पण चिटपाखरू नसतं.

ही भीती खोटी नाही. कुणी ती हसण्यावारी नेली तर मला राग येतो. माझ्या भाच्याने तसं केलं नाही. गणपतीला गावी गेले तेव्हा तो म्हणाला, "आत्या, तू परवान्याला अर्ज कर. एकटी राहतेस, घरात पिस्तूल असलेलं बरं." बोलण्यात काळजी होती, म्हणून मीही त्याचं म्हणणं उडवून लावलं नाही. नीट विचार केला.

कायद्याने ही वाट बंद नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्या जिवाला धोका आहे हे पटवून देणाऱ्या नागरिकाला परवाना मिळू शकतो. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आमचा अर्ज तिथेच जातो. २०१६च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हरही बनवलेलं आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ साली, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' बाजारात आणलं. वजन जेमतेम अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं, किंमत लाखाच्या वर. संरक्षणाचा हक्कही कायदा देतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याबद्दलच आहेत, आणि सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याचा विचार त्यांत वेगळा केलेला आहे. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट कायम आहे. अंधारात, दाराशी उभं राहून, समोर कोण आहे हे न कळता ती गरज मोजायची कशी, हे कुठलंच कलम सांगू शकत नाही.

बंदूक आमच्या घराला परकी नाही. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. तिकडे शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना असणं यात कुणाला नवल वाटत नाही. रानडुकरं एका रात्रीत भाताचा कुणगा लोळवतात, माकडं नारळ ठेवत नाहीत. आमच्याकडे बंदूक माजघरात भिंतीवर असे. दारू आणि छर्रे आजीच्या कुलपात, ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या टोप्यांची डबी काकांकडे. परवाना आजोबांच्या नावावर. म्हणजे एक बार काढायचा तर तीन माणसं जागी व्हावी लागत. तेवढ्यात कुणीतरी विचारी, "अरे, पण नक्की डुक्करच ना?" निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. एवढं सगळं असूनही रानात डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात अधूनमधून येत राहिल्या आणि आजही येतात.

त्या बंदुकीची आठवण काढताना मला उत्तर सापडलं. भरलेल्या घरात बंदुकीवर पहारा होता. दारू एकीकडे, टोप्या दुसरीकडे आणि शंका विचारणारं तिसरंच कुणी. माझ्या फ्लॅटमध्ये या सगळ्या जागा मी एकटीनेच भरायच्या. ज्या एकटेपणामुळे मला पिस्तूल हवंसं वाटेल, त्याच एकटेपणामुळे ते माझ्या घरात असू नये.

हे नुसतं मनात आलेलं नाही, रोजच्या दिनक्रमातून दिसतं. मी कामावर निघाले की घर नऊ-दहा तास बंद असतं. घरफोडी करणारा बहुतेक वेळा बंदच घर हेरतो. त्याच्या हाती माझं पिस्तूल लागलं तर माझ्या रक्षणासाठी घेतलेलं शस्त्र या शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर रोखलं जाईल. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीहून चोरवाटेने येणारे गावठी कट्टे आमच्याकडे आधीच कमी नाहीत.

आता रात्रीचं बघू. लिहून दिलेल्या हमीप्रमाणे वागायचं तर पिस्तूल रिकामं आणि कुलपात हवं. रात्री दोनला दाराची कडी वाजली की आधी चष्मा, मग किल्ली, मग काडतुसं. तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. कामी यावं म्हणून ते भरून उशाशी ठेवलं, तर अर्धवट झोपेतला माझा हातच पहिला धोका. अभिनेते गोविंदा यांच्या पायाला १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे गोळी लागली ती स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची, जुहूच्या घरात, बाहेरगावी निघण्याच्या गडबडीत. तिथे चोर नव्हता, शत्रूही नव्हता.

आणि शत्रू असतो तेव्हा तो बहुधा कडी तोडून येत नाही. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात भाजप नेते प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, परवान्याच्या पिस्तुलातून. जानेवारी २०२४ मध्ये आमच्यापासून जवळच, हिंजवडीतल्या एका लॉजवर संगणक अभियंता असलेल्या तरुणीला गोळ्या घातल्या त्या तिच्या मित्राने. बायकांना सर्वांत जास्त धोका ओळखीच्या माणसांकडून असतो, हे पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. ज्याला आपण स्वतः दार उघडून आत घेतो, पाणी विचारतो, त्याच्यासमोर कपाटातलं पिस्तूल काय करणार? बहुधा त्यालाच आधी ते कुठे आहे हे माहीत असणार.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते, कारण एकट्या राहणाऱ्यांनी ती आपसांत बोलायलाच हवी. २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये पिस्तुलाने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठ पट निघालं आणि बायकांमध्ये सुमारे पस्तीस पट. अमेरिका वेगळी आहे, पण रात्र सगळीकडे सारखीच असते. एकट्या माणसाला कधीतरी काळी घटका गाठते. हाताशी साधन नसेल तर ती बहुधा टळते, सकाळी दूधवाला बेल वाजवतो, दिवस सुरू होतो. भरल्या घरात अशा वेळी कुणीतरी चेहरा बघून ओळखतं. एकटीच्या घरात ओळखणारं कुणी नसतं, म्हणून ते साधनही नसावं. अशा वेळी बोलायला १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो प्रत्येकाने फोनमध्ये ठेवावा.

शस्त्र झोपणाऱ्या माणसापासून दूर असावं, या विचाराला आमच्या भागात जमिनीवरचा पुरावाही आहे. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २,००० यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला मनाई असलेला पट्टा आहे. किवळे, निगडी, तळवडे या बाजूच्या कितीतरी कुटुंबांची बांधकामं त्यात अडकली आणि त्यांचा त्रास खरा आहे. पण त्या अंतरामागचं कारण कुणी नाकारत नाही. दारूगोळा आणि झोपलेली माणसं यांच्यात मोकळी जागा हवी, हे ज्यांचा रोजचा संबंध शस्त्रांशी येतो त्यांनीच ठरवलं आहे. माझ्या बेडरूममध्ये उशी आणि कपाट यांत चार पावलंही नाहीत.

भाच्याला मी नाही म्हणून कळवलं आणि भीतीवर उपाय शोधायला लागले. समोरच्या काकूंकडे माझी एक किल्ली आहे, त्यांची माझ्याकडे. मजल्यावरच्या आम्ही तिघी रात्री घरी पोचलो की एकमेकींना कळवतो. कळवलं नाही तर फोन जातो, उचलला नाही तर दार वाजतं. दाराला आतून साखळी आहे, ११२ क्रमांक फोनवर एका बोटाच्या अंतरावर आहे. सोसायटीच्या सभेत मी मागणी मांडली आहे की रिकाम्या मजल्यांवरचे दिवे रात्रभर चालू राहावेत. पोलिसांकडे आमचं मागणं आहे की कंपनीची शेवटची बस जाईपर्यंत मुकाई चौकात बीट मार्शल थांबावा.

हे मागताना मला संकोच वाटत नाही. चाकण आणि हिंजवडी रात्रंदिवस चालतात ते आमच्यासारख्यांच्या श्रमावर. आम्ही अवेळी घरी येतो कारण या शहराला आमचं अवेळी काम हवं आहे. तेव्हा आम्ही सुखरूप घरी पोचावं आणि निर्धास्त झोपावं, ही जबाबदारी या शहराचीही आहे. ती मी एकटीने, गोळ्या भरून, उशाखाली घेऊन झोपावं हे मला मान्य नाही.