रूळ गेले, वाट उरली

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील अनेक घरांतले आई-वडील सहा-सहा महिने अमेरिकेत मुलांकडे राहून येतात. तेथे पहिल्या आठवड्यातच एक अडचण जाणवते : मोटारीवाचून कोठे जाता येत नाही. मुले कामावर गेली की दिवस खिडकीपाशी सरतो आणि गुडघे आखडू लागतात. आपला मुक्काम वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियात असेल, तर ‘डब्ल्यू अँड ओडी’ या वाटेची चौकशी अवश्य करावी.

ही वाट म्हणजे मूळचा लोहमार्ग. ठाण्याला आगगाडी १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये. तिकडे ती अलेक्झांड्रियाहून लीसबर्गला १८६० मध्ये पोहोचली. आपल्या मार्गाला आज क्षणाची उसंत नाही; तो मार्ग १९६८ मध्ये बंद पडला. पुढे १९७४ पासून त्याच पट्ट्यावर टप्प्याटप्प्याने डांबरी वाट झाली. शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल अशी तिची लांबी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. हर्नडनचे जुने स्थानक आजही वाटेकाठी उभे आहे. लोकलच्या सहवासात आयुष्य गेलेल्यांनी ते जरूर पाहावे.

आगगाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणून या वाटेचे चढ-उतार बहुतेक ठिकाणी सौम्य आहेत. वयस्कर गुडघ्यांना याहून अनुकूल रस्ता क्वचितच मिळेल. मात्र ती सरळ आहे, हे ध्यानी असू द्यावे. कचराळी तलावाला फेऱ्या मारताना दमलो, तरी आपण दारापासून फार दूर गेलेलो नसतो. येथे जितके पुढे जाल, तितकेच परत यावे लागते. दर अर्ध्या मैलावर खांब आहेत. पहिल्या दिवशी एका खांबापर्यंत जाऊन परतावे. चालताना सहज बोलता येत असेल, तरच पुढचा खांब गाठावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपले पाऊल सवयीने डावीकडे पडते. तेथे उजव्या कडेने चालायचे असते. मागून सायकलस्वार घंटी वाजवतो किंवा ‘ऑन युअर लेफ्ट’ असे म्हणतो. तो डावीकडून पुढे जाणार, एवढाच त्याचा अर्थ. ‘लेफ्ट’ ऐकून आपण डावीकडे सरकलो, तर थेट त्याच्या चाकापुढे येतो. ऐकू कमी येत असेल, तर सोबत कोणी असावे. मुलांनीही पहिले दोन दिवस बरोबर चालून ही सवय अंगवळणी पाडून द्यावी. नुसते सांगून ती लागत नाही.

वाट मध्ये मध्ये मोटाररस्ते ओलांडते. तेथे वाहन थांबल्याची खात्री होईपर्यंत पाऊल टाकू नये. हिवाळ्यात बर्फ गोठले असेल, त्या दिवशी घरातच फिरावे. खिशात पत्ता, मुलांचा दूरध्वनी क्रमांक व औषधांची यादी असू द्यावी. मधुमेह असल्यास दोन खडीसाखरेचे खडेही.